गुडघ्यांची स्पर्धा, भाग पाचवा

नेव्हिल : पिशवी टेबलावर ठेवलीत तर बरं होईल, बाई. मांडीवर घेऊन बसलात तर आम्ही तपासायचं कसं?

लोरेन : मांडीवरच बरी आहे ती.

ग्लेनिस : बघ. काय म्हणत होते मी तुला? फोन तीनदा केला, आडनाव एकदाही सांगितलं नाही. आणि आता पिशवी सुटत नाहीये हातातून.

लोरेन : आडनाव विचारलंत कुठे तुम्ही? कसली टेप, कुठली टेप, कुणी पाठवलं तुम्हाला, एवढंच चाललं होतं. लोरेन क्रिब. ग्रिम्सबीची. मासळीच्या कारखान्यात होते, आता घरी बसलेय. झालं समाधान?

ग्लेनिस : ग्रिम्सबी! म्हणजे इथून तासाभरावर. पन्नास वर्षं तासाभरावर बसून होतात आणि आज उगवलात.

नेव्हिल : ग्लेनिस, मला क्रमाने जाऊ दे. बाई, मी नेव्हिल. 'मॅगपाय सँड्स' रसिक मंडळाची नोंदवही माझ्याकडे असते. टीव्हीवरच्या त्या विनोदी मालिकेचे भाग एकोणतीस. त्यातले अठ्ठावीस मिळतात, एक मिळत नाही. तिसऱ्या वर्षातला पाचवा, गुडघ्यांच्या स्पर्धेचा, म्हणजे कुणाचे गुडघे सगळ्यांत बेढब ते ठरवायची स्पर्धा. कंपनीने तो पुसला आणि त्याच टेपवर घोड्यांच्या शर्यती भरल्या. तेव्हा टेप महाग होत्या आणि विनोद स्वस्त, असं आमच्यात म्हणतात. या ग्लेनिस टिलटसन, मंडळाच्या चिटणीस.

ग्लेनिस : आणि क्लिफ टिलटसनची बायको. तेही सांग की. तेच तर ऐकायला आल्यात त्या.

लोरेन : क्लिफ कोण?

ग्लेनिस : नाटक छान जमतं हं तुम्हाला.

नेव्हिल : क्लिफ गेला. दोन हिवाळे झाले. तो याच जागी कामाला होता. आता बाहेर कॅरव्हॅन दिसतात ना, तिथे तेव्हा सुट्टीच्या कॅम्पच्या खोल्या होत्या. चारशे. क्लिफ नळ, दारं, दिवे दुरुस्त करायचा. हिवाळ्यात कॅम्प बंद झाला की मालिकावाले चित्रीकरणाला यायचे. नोव्हेंबरात अर्ध्या चड्ड्या घालून उन्हाळा करायचे बिचारे. क्लिफचं म्हणणं असं, की पाचव्या भागात त्याला एक वाक्य मिळालं होतं.

ग्लेनिस : म्हणणं नाही. मिळालं होतं.

नेव्हिल : मी नोंदीतली भाषा वापरतोय.

ग्लेनिस : तुझी नोंदीतली भाषा मला चांगली ठाऊक आहे. आणि सगळं सांगून टाक तिला, म्हणजे घरी जाऊन टेप बनवायला सोपं जाईल.

लोरेन : टेप बनवायला? अहो, मला मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही धड.

नेव्हिल : तसं घडलंय, बाई. सात वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते. असेच, पिशवी घेऊन. फरक इतकाच की त्यांनी केक आणला होता.

ग्लेनिस : आल्याचा. सगळ्यांनी खाल्ला. तूच तीन तुकडे घेतलेस.

नेव्हिल : त्यांच्या टेपवर पाचवा भाग होता. गाणं, स्पर्धा, सगळं. आम्ही आमच्या पत्रिकेत मोठ्या अक्षरात छापलं. वर्तमानपत्रातही आलं. दोन महिन्यांनी कळलं, की त्या माणसाने आमच्याच नोंदवहीतून लोकांनी आठवून सांगितलेला मजकूर उचलला आणि पुतण्यांना बसवून वाचून घेतला. सगळ्या देशासमोर आमची शोभा झाली.

ग्लेनिस : आमची नाही. क्लिफची. बाकीचे चार दिवस लाजले आणि पुढच्या वर्षी पुन्हा विजारी दुमडून गुडघे दाखवायला हजर. क्लिफ नंतर या खोलीत पाऊल टाकायचा नाही.

लोरेन : का?

ग्लेनिस : ते तुम्हाला कशाला?

नेव्हिल : सांगावं लागेल, ग्लेनिस. त्या बनावट टेपवर क्लिफचं वाक्य होतं. ते ऐकून क्लिफ सगळ्यांसमोर उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'हा माझाच आवाज.' आणि तो निघाला कुणाच्यातरी पुतण्याचा.

लोरेन : अरे देवा.

ग्लेनिस : हं. आता दया दाखवा थोडी, ते राहिलंच होतं.

नेव्हिल : तर आता तपासणी. खोकं दाखवा, बाई. लांबूनच दाखवा हवं तर.

लोरेन : हे घ्या. पण हात नाही लावायचा.

नेव्हिल : पाच इंची चकती... खोक्याचा रंग बरोबर आहे. हे अक्षर कुणाचं? 'मॅगपाय. पुसू नये.'

लोरेन : आईचं.

नेव्हिल : शाई उडालेली वाटत नाही.

लोरेन : अंधारात होतं ते. पोटमाळ्यावर, ख्रिसमसच्या झाडाच्या खोक्यात. आई मेमध्ये गेली, घर रिकामं करताना सापडलं.

नेव्हिल : जरा झाकण उघडा. वास घेतो फक्त... हं. आंबूस नाही. जुनी टेप बिघडली की तिला लोणच्याच्या बरणीसारखा वास येतो. तो नाही.

ग्लेनिस : म्हणजे नवीन.

नेव्हिल : किंवा नीट ठेवलेली. बाई, रेकॉर्ड कसं केलं होतं?

लोरेन : टीव्हीसमोर माइक धरून. खुर्चीवर उशी, उशीवर माइक. आईने सगळ्यांना दम दिलेला, शिंकायचं नाही म्हणून.

नेव्हिल : तेव्हा सगळे असंच करायचे. मग आता एक-दोन प्रश्न. स्पर्धेत पहिला कोण येतो?

लोरेन : आठवत नाही.

नेव्हिल : कॅम्पच्या स्वयंपाकीणबाईचं टोपणनाव?

लोरेन : नाही माहीत.

नेव्हिल : नाचाच्या दिवाणखान्यातलं घड्याळ किती वाजल्यावर बंद पडलेलं असतं? हे तर सगळ्या भागांत आहे. याचं उत्तर लहान पोरंही देतात.

लोरेन : तुमच्याकडची देत असतील. आमच्याकडची शाळेत जायची.

ग्लेनिस : नेव्हिल, पुरे झालं. या बाईला काडीचंही ठाऊक नाही. हिने मालिका पाहिली तरी आहे का?

लोरेन : नाही आवडायची मला. खरं सांगू? पट्ट्यापट्ट्यांचे कोट घातलेली मोठी माणसं एकमेकांना तलावात ढकलतात, यात हसायचं काय ते मला तेव्हाही कळलं नाही. मी तुमच्यातली नाहीच. मला फक्त तुमचं मशीन पाहिजे.

नेव्हिल : म्हणजे?

लोरेन : ही चकती लावायचं मशीन. आईने आमचं कधीच विकून टाकलं. दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, आजी, हे संग्रहालयात बघा. मग कुणीतरी तुमच्या मंडळाचं नाव दिलं.

ग्लेनिस : थांबा, थांबा. म्हणजे ही टेप तुम्ही ऐकलेली नाही?

लोरेन : नऊ वर्षांची असताना ऐकलीय. नंतर नाही.

ग्लेनिस : न ऐकताच आलात. मग कशावरून तीच टेप आहे? आणि तुम्हाला मालिकेत रस नाही, तर एवढी धडपड कशासाठी?

लोरेन : माझे बाबा आहेत तिच्यावर.

नेव्हिल : बाबा? कलाकार होते का?

लोरेन : ट्रॉलरवर होते. आइसलंडकडे जायचे मासेमारीला. टेपवर त्यांचं हसणं आहे. मला पक्कं आठवतंय, बसायची खोली, ते मशीन, गुडघ्यांचं काहीतरी चाललेलं, आणि बाबा हसतायत. इतके हसायचे की डोळे पुसायचे. मी अकराची असताना बोट गेली, तिच्याबरोबर गेले. फोटो आहेत सहा. आवाज कुठेच नाही. फक्त यावर आहे.

ग्लेनिस : हं.

लोरेन : तुमचा विश्वास नसेल तर राहू दे. मला कुठे तुमच्या पत्रिकेत छापून यायचंय? उलट मीच घाबरत होते यायला.

नेव्हिल : आम्हाला? आम्ही सगळे मिळून चौदा. त्यातल्या सहांना जिना चढवत नाही.

लोरेन : तुमची पत्रिका वाचली मी, वाचनालयात. तुम्हीच लिहिलंय ना ते? दुसऱ्या कुणाची तरी टेप तुम्ही साफ केलीत. 'कुत्रा, तान्हे बाळ व एक खोकणारे गृहस्थ पूर्णपणे काढून टाकण्यात यश आले.'

नेव्हिल : हो! तीन आठवडे लागले. फार अवघड काम होतं ते. विशेषतः खोकला.

लोरेन : ते खोकणारे गृहस्थ कुणाचे तरी कोणीतरी असतील की, अहो.

नेव्हिल : ...त्या दृष्टीने विचार केला नव्हता.

लोरेन : म्हणून पिशवी सोडत नाही मी. ऐकायची ती माझ्यासमोर. साफसूफ करायची नाही. एक शिंकही काढायची नाही. कबूल असेल तर नकला काढा पाहिजे तितक्या. बाथरूम कुठे आहे?

नेव्हिल : बाहेर डावीकडे. दिवाणखान्यातून जाताना खाली बघू नका, अकराजण गुडघे उघडे टाकून बसलेत. साडेतीनला मंडळाची वार्षिक स्पर्धा आहे.

ग्लेनिस : पिशवी घेऊन चाललात?

लोरेन : हो, पिशवी घेऊन.

(लोरेन बाहेर जाते. ग्लेनिस दार लावून घेते.)

ग्लेनिस : मशीन लावू नकोस.

नेव्हिल : अगं, पण टेप खरी वाटतेय. शंभरातले नव्वद गुण मी देईन. जिला घड्याळसुद्धा माहीत नाही ती बाई बनावट टेप कशी करेल? लबाड माणूस अभ्यास करून येतो. तो केकवाला सगळी उत्तरं पाठ करून आला होता.

ग्लेनिस : तूच बोलावलंयस ना तिला?

नेव्हिल : मी?

ग्लेनिस : तू. तीस वर्षं क्लिफच्या मागे लागला होतास. श्रेयनामावलीत नाव नाही, पगारपत्रकात नाव नाही, पुरावा काय. तो जिवंत असताना जमलं नाही, आता मेल्यावर त्याला खोटा सिद्ध करून दाखवायचंय तुला.

नेव्हिल : ग्लेनिस, मी त्याची थट्टा करायचो. सगळेच करायचे. तोही हसायचा.

ग्लेनिस : सगळ्यांच्या नंतर हसायचा.

नेव्हिल : ते तर नेहमीचंच. विनोद होऊन लोक चहाला उठले की क्लिफला कळायचा. आधी ती उचकी, मग शिट्टी, मग ते गाढवासारखं... स्केग्नेसच्या थिएटरातून दोनदा बाहेर काढलं होतं त्याला.

ग्लेनिस : तीनदा. तिसऱ्यांदा आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. पण तू हसण्यावर नेऊ नकोस. पत्रिकेत तू काय छापलंस ते आठव. केकवाल्यानंतर.

नेव्हिल : आठवतंय.

ग्लेनिस : म्हण.

नेव्हिल : 'श्री. टिलटसन यांचा दावा सिद्ध झालेला नाही.'

ग्लेनिस : एक ओळ. पान चार, खाली, चहाच्या पाळ्यांच्या यादीच्या वर. ती वाचून तो बागेतल्या अवजारांच्या शेडमध्ये गेला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होता. मला म्हणाला, ग्लेन, तुला तरी खरं वाटतं ना? मी म्हटलं, वाटतं तर.

नेव्हिल : आणि वाटत होतं?

ग्लेनिस : नाही. म्हणजे, लग्नानंतर पहिली काही वर्षं वाटलं. मग तो गोष्ट दर वेळी वेगळी सांगायला लागला. कधी कोट घातला होता, कधी नव्हता. कधी मुख्य नटाने पाठ थोपटली, कधी दिग्दर्शकाने. आणि मग त्या कुणाच्या पुतण्याचा आवाज ऐकून म्हणतो, माझाच. अरे, स्वतःचा आवाज माणसाला कळत नाही? त्या दिवशी मला आतून कळलं की हा थापा मारतोय, आणि तोंडाने मी 'वाटतं तर' म्हटलं. आता टेप लागली की ते नक्की होणार. मग मी कुणाची विधवा? एका थापाड्याची. नाही लागली तर निदान... निदान कुणालाच नक्की माहीत नसेल.

नेव्हिल : आणि खरं बोलत असला तर? ते वाक्य त्याने म्हटलं असलं तर? ती ओळ मला मागे घ्यावी लागेल. माझीही झोप उडवलीय तिने.

ग्लेनिस : तुझी कशी उडेल? दुपारी तीनला सभेत घोरतोस.

लोरेन : आत येऊ का? भांडून झालं असेल तर.

नेव्हिल : या, या. निर्णय चिटणीसांचा आहे.

ग्लेनिस : माझ्यावर ढकल.

लोरेन : बाई, तुम्हाला भीती वाटतेय का कसली? बाहेर ऐकू येत होतं थोडं. दार पातळ आहे.

ग्लेनिस : तुम्हाला नाही वाटत? टेप कोरी निघाली तर? पन्नास वर्षांत टेप मरते.

लोरेन : वाटते ना. मेपासून रोज बघतेय खोक्याकडे. पण घाबरून आणखी किती दिवस बघत बसायचं?

ग्लेनिस : ...लाव, नेव्हिल. आणि पुसू नकोस, तोडू नकोस, काही करू नकोस. हिच्यासमोर लाव.

नेव्हिल : द्या, बाई. दोन्ही हातांनी देतो परत. असं... आता टोक इथून... शांत. एक, दोन.

टेप : (खरखर. बँडचं गाणं. मग पुरुषी आवाज.) सुप्रभात, मॅगपाय सँड्स! आज ऊन पडेल अशी व्यवस्थापनाला आशा आहे!

नेव्हिल : देवा. देवा. हे... हीच ती आहे. ग्लेनिस, हे वाक्य कुठेच नाही, कुठल्याच भागात नाही. हा पाचवा आहे!

लोरेन : नाक पुसा, मशीनवर पडेल.

टेप : (लोकांचा गलका.) सभ्य स्त्री-पुरुषहो, गुडघ्यांच्या अंतिम फेरीला सुरुवात होत आहे! ज्यांचे गुडघे कमजोर आहेत त्यांनी बसून पाहावे!

ग्लेनिस : आता व्यवस्थापक येतो. विजार हरवलेली असते त्याची. दारात यादी घेऊन क्लिफ उभा असतो.

टेप : (धापा टाकणारा आवाज.) अरे, मला आत जाऊ दे! मी या कॅम्पचा व्यवस्थापक आहे! (दुसरा आवाज, नाकातला, सावकाश.) माफ करा, साहेब, तुमचं नाव यादीत नाही. पण गुडघे चालतील. (प्रेक्षकांचं मोठं हसणं.)

ग्लेनिस : बंद कर.

नेव्हिल : ग्लेनिस—

ग्लेनिस : बंद कर म्हटलं ना!

नेव्हिल : केलं. केलं बंद.

ग्लेनिस : तो क्लिफ नाही.

नेव्हिल : पुन्हा ऐकून खात्री...

ग्लेनिस : चाळीस वर्षं शेजारी झोपले त्याच्या. क्लिफ नाही तो. तो कुणी नट आहे, लंडनचा. वाक्य आहे, शब्द न् शब्द बरोबर आहेत, माणूस दुसरा. छाप आता. पान एकवर छाप. सिद्ध झालं म्हणावं.

नेव्हिल : मी काहीही छापणार नाही.

लोरेन : मला वाईट वाटतंय, बाई. खरंच. पण... माझं अजून यायचंय. इथेच कुठेतरी असायला हवं, गुडघ्यांवर सगळे हसले त्याच्यानंतर. मी जाऊ का टेप घेऊन दुसरीकडे?

ग्लेनिस : नको. तुमचं तरी निघू दे. लाव रे पुढे.

टेप : (हसणं ओसरत जातं. शांत होतं. व्यवस्थापक पुढचं वाक्य सुरू करतो, आणि मध्येच एकट्या माणसाचं हसणं. उचकी. लांब शिट्टी. मग मोकळं, गाढव ओरडावं तसं. नट थांबतो. लोक पुन्हा हसतात.)

लोरेन : हेच! हेच, हेच! बाबा! ऐकलंत? सगळ्यांचं झाल्यावर! बाबाच आहेत हे!

नेव्हिल : अहो, पण हा तर... ग्लेनिस, हा...

ग्लेनिस : नेव्हिल.

नेव्हिल : अगं, ती उचकी! ती शिट्टी! हा तर...

ग्लेनिस : गप्प बस, नेव्हिल.

लोरेन : काय झालं?

ग्लेनिस : काही नाही, बाळा. तुझे बाबाच. छान हसतात.

लोरेन : तुम्ही रडताय.

ग्लेनिस : मी सर्दीची माणूस आहे. पुढे चालू दे टेप. ऐक तू तुझ्या बाबांना.

टेप : (मालिका चालूच. तिच्यावर, अगदी जवळून, लहान मुलीचा आवाज.) आई, बाबा कधी येणार? (बाईचा दबका आवाज.) शू! सोमवारी. त्यांच्यासाठीच भरतेय ना हे? गप्प बस, नाहीतर बोटीवरून येऊन तुझीच बडबड ऐकतील.

नेव्हिल : ...थांबवू का?

लोरेन : हो.

ग्लेनिस : लोरेन...

लोरेन : ती मी आहे. बडबड करणारी. आणि आई. बाबा घरात नव्हतेच. ते समुद्रावर होते. त्यांना बघायला मिळणार नाही म्हणून तर भरलं आईने. कसं विसरले मी हे? कसं...

ग्लेनिस : नऊ वर्षांची होतीस.

लोरेन : मग तो हसणारा कोण? तुम्हाला माहितेय. दोघांनाही. मघाशी तोंडं बघितली मी तुमची.

नेव्हिल : तो खोलीतला आवाज नाही, बाई. तुमच्या आईचा जवळचा आहे. हा लांबचा, स्टुडिओतला. बाहेरचे प्रसंग इथे कॅम्पात व्हायचे, आणि आतले लंडनला, लोकांना बसवून. त्यांचं हसणं खरं असायचं.

ग्लेनिस : माझा नवरा आहे तो. क्लिफ.

लोरेन : आणि तुम्ही मला म्हणालात, तुझे बाबाच.

ग्लेनिस : म्हणाले खरी. आता काय करायचं त्याचं?

नेव्हिल : कॅम्पातल्या कामगारांना तिकिटं पाठवायचे ते लोक, हे नोंदीत आहे. कदाचित इथे तालमीत त्याच्याकडून म्हणून घेतलं असेल ते वाक्य, आणि पुढे नट आणला असेल. वाक्य काढून घेतलं, आणि बदल्यात तिकीट दिलं.

ग्लेनिस : कदाचित. किंवा वाक्य कधीच दिलं नसेल, आणि तो प्रेक्षकांत बसला असेल, आणि घरी येता येता गोष्ट वाढली असेल. मला माहीत नाही. आता कळणारही नाही. पण गेला होता तो. तिथे बसला होता, दुसरा माणूस ते वाक्य म्हणत होता, आणि हा हसला. मोकळा हसला रे, नेव्हिल. मनात काही ठेवून असं हसता येत नाही. आणि म्हणे 'माझाच आवाज'! अरे वेड्या, आवाज होता की तुझा. दहा सेकंद पुढे होता.

लोरेन : थांबा. थांबा जरा. सोमवार.

नेव्हिल : काय सोमवार?

लोरेन : बाबा सोमवारी आले. आम्ही त्यांना टेप लावून दिली. बूटही काढले नव्हते, माशांचा वास येत होता. आणि... ते विनोदाला हसलेच नाहीत. हात वर केला असा, आणि म्हणाले, 'थांब, कोणीतरी राहिलाय अजून.' आणि मग ती शिट्टी आली की बाबा सुटले. मग प्रत्येक फेरीवरून आले की तेच. मला लॉरी म्हणायचे ते. 'लॉरी, त्या उशिरा हसणाऱ्याला लाव गं.' मालिका नाही म्हणायचे. उशिरा हसणाऱ्याला लाव. बाबा त्याच्याबरोबर हसायचे. तेच आठवत होतं मला. दोघं एकदम.

ग्लेनिस : तुझे बाबा? क्लिफला?

लोरेन : दोन वर्षं. जाईपर्यंत.

ग्लेनिस : आणि इथे त्याला सगळे थिएटरातून बाहेर काढत होते.

नेव्हिल : ग्लेनिस, माझ्यासमोर नोंदवही आहे. ती ओळ खोडतो मी. 'दावा सिद्ध झालेला नाही.' आत्ता खोडतो.

ग्लेनिस : खोडू नकोस. ते खरंच आहे. त्याच्याखाली लिही.

नेव्हिल : काय लिहू?

ग्लेनिस : क्लिफ टिलटसन. प्रेक्षकांत होता. उशिरा हसला.

नेव्हिल : ...लिहिलं. आणि बाई, साफ काही करणार नाही. खरखरसुद्धा नाही.

लोरेन : माझी बडबड काढलीत तरी चालेल.

ग्लेनिस : मुळीच नाही. ती राहणार. ये, खुर्ची अलीकडे घे. ती पिशवी ठेव आता खाली, कोणी नेत नाही. नेव्हिल, पुन्हा लाव.

नेव्हिल : बाहेर स्पर्धेला खोळंबलेत सगळे.

ग्लेनिस : खोळंबू देत. गुडघे काही पळून जात नाहीत.

नेव्हिल : कुठून लावू? सुरुवातीपासून?

लोरेन : नको. विनोद संपतो ना, तिथून.